‘इथे दाबा’ म्हणायची सोय नसते तेव्हा

गेली चार वर्षे मी आठवड्यातून तीन दिवस, रात्री साडेआठ वाजता, मोबाइल आणि संगणक वापरण्याची प्राथमिक कौशल्ये ऑनलाइन शिकवते. दिवसा मी नाशिकमधल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. तंत्रज्ञान हा माझा विषय नव्हे. पण हुशार, कष्टाळू मुले केवळ अर्ज नीट भरता आला नाही म्हणून शिष्यवृत्तीला मुकताना मी पाहिली आणि दुसरे कोणी शिकवेल याची वाट पाहण्यापेक्षा आपणच सुरुवात करावी असे ठरवले. माझे विद्यार्थी जव्हार, अकोले, किनवट, केज, कणकवली अशा निरनिराळ्या तालुक्यांतले असतात. कोणी अकरावी-बारावीत असतो, कोणी पदवीच्या पहिल्या वर्षाला. एका तुकडीत पंधरा ते वीस जण असतात. साडेआठची वेळ मी निवडलेली नाही, ती त्यांच्या घरांनी निवडली. बहुतेक घरांत चांगला फोन एकच असतो, तो वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा असतो, आणि तो माणूस कामावरून परतून जेवायला बसला की मग फोन मुलांच्या हाती येतो. तास चाळीस मिनिटांचा असतो, कारण झूमच्या विनामूल्य खात्यावर मीटिंग तेवढाच वेळ चालते. सुरुवातीला ही मर्यादा मला फार जाचत असे. आता असे वाटते की दिवसभराच्या दीड जीबी डेटातला उरलासुरला भाग घेऊन, रेंजसाठी गच्चीवर किंवा पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसलेल्या मुलाकडून याहून अधिक मागणे बरोबर नाही.

‘आजकालच्या मुलांना मोबाइल काय शिकवायचा, तीच आपल्याला शिकवतील,’ हे वाक्य मी अनेक शिक्षकांकडून ऐकले आहे आणि पूर्वी माझाही तोच समज होता. मुले व्हिडिओ कापतात, जोडतात, त्यावर गाणे चढवतात, आणि ते सगळे माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने करतात, यात शंका नाही. पण त्यांच्यापैकीच एखाद्याला दहावीच्या गुणपत्रिकेची पीडीएफ ईमेलने पाठव म्हटले, तर ती फाइल नेमकी कुठे आहे, हे त्याला सांगता येत नाही. ‘व्हॉट्सॲपवर आहे,’ एवढेच उत्तर मिळते. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि फोन घरोघरी पोचला, पण त्याच्याबरोबर संगणक पोचला नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी फक्त ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता; शहरांत हे प्रमाण २३.४ टक्के होते. फोल्डर उघडणे, त्यात फाइल ठेवणे, तिला नाव देणे, ती दुसरीकडे हलवणे, या गोष्टी ज्या यंत्रावर उघड्या डोळ्यांना दिसतात, ते यंत्रच या मुलांच्या वाट्याला आले नाही, आणि जे यंत्र आले त्याने या सगळ्या गोष्टी पडद्यामागे ठेवल्या.

माझ्या पिढीतल्या अनेकांनी हे शिक्षण २००१ साली सुरू झालेल्या एमएससीआयटीच्या वर्गात घेतले. तालुक्याच्या गावी, एकेका संगणकापुढे दोघे-दोघे बसून आम्ही शिकलो. अडले की सर मागून येत, खांद्यावरून वाकून माऊस स्वतःच्या हातात घेत आणि ‘हे बघ, असं,’ म्हणत काम करून दाखवत. ते पुढच्या संगणकाकडे गेले की तेच काम आम्हाला पुन्हा जमत नसे. त्यात सरांचा दोष नव्हता, वर्ग मोठा होता आणि वेळ थोडा होता. पण मी स्वतः ऑनलाइन शिकवू लागले तेव्हा नकळत तेच करत होते, आणि हे समजायला मला एक संपूर्ण तुकडी खर्ची घालावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते.

त्या पहिल्या तुकडीत मी माझा लॅपटॉप शेअर करत असे. सरकून येणाऱ्या पानांचे छान सादरीकरण केलेले असे, त्यात ठळक बाण काढलेले असत, आणि मी बोलत असे. ‘समजलं का?’ असे विचारले की ‘हो मॅडम’ असा आवाज येई किंवा अंगठ्याची चित्रे वर तरंगत. पाचव्या तासाला मी एक साधे काम दिले. स्वतःच्या वहीच्या एका पानाचा फोटो काढून तो जोडून मला ईमेल करा, एवढेच. सतरा जणांपैकी दोघांचे ईमेल आले. त्यातल्या एकाने विषयाच्या ओळीत संपूर्ण पत्र लिहिले होते आणि फोटो जोडलाच नव्हता. बाकीच्यांनी फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून खाली लिहिले होते, ‘मॅडम, हे चालेल का?’ त्या रात्री मला कळले की माझा पडदा पाहून त्यांना फक्त माझे कौशल्य दिसले होते.

दुसऱ्या तुकडीपासून मी माझा पडदा दाखवणे जवळजवळ बंद केले. आता प्रत्येक तासाला एक विद्यार्थी स्वतःच्या फोनचा पडदा शेअर करतो, मी फक्त बोलते, तो करतो, आणि बाकीचे ऐकत-पाहत राहतात. ऑनलाइन वर्गात शिक्षकाचा हात विद्यार्थ्याच्या फोनपर्यंत पोचत नाही, ही या पद्धतीतली मोठी उणीव मानली जाते. माझा अनुभव नेमका उलटा आहे. हात पोचत नाही म्हणूनच करणारा हात विद्यार्थ्याचा राहतो, आणि शिक्षकाला शब्द शोधावे लागतात.

शब्द शोधावे लागतात म्हणजे काय, ते एका प्रसंगावरून सांगते. जव्हार तालुक्यातली एक विद्यार्थिनी पडदा शेअर करून बसली होती आणि तिला एक फाइल ड्राइव्हवर चढवायची होती. मी म्हणाले, ‘आता ते तीन ठिपके दाब.’ तिने दाबले, तर भलतीच यादी उघडली. मागे येऊन तिने पुन्हा तेच दाबले, पुन्हा तीच यादी. मी म्हणाले, ‘ते नाही गं, ते दुसरे.’ तिचे बोट पडद्यावर कुठे फिरत होते ते मला दिसत नव्हते, पण काहीच उघडत नव्हते, यावरून ते हवेतच थबकले असणार हे कळत होते. मग मी पडदा नीट पाहिला. त्यावर तीन ठिपके एकूण सहा ठिकाणी होते. प्रत्येक फाइलच्या उजव्या अंगाला तीन ठिपक्यांची एकेक उभी रांग, आणि अगदी वर आणखी एक. तिची काहीच चूक नव्हती. मी जे वाक्य बोलले होते त्याला सहा अर्थ होते आणि तिने त्यांतला एक निवडला होता.

त्या दिवसापासून ‘हे’, ‘ते’, ‘इथे’, ‘तिथे’, ‘असं’ हे शब्द मी वर्गात वापरायचे नाहीत असे ठरवले. मराठीच्या शिक्षिकेला दर्शक शब्द वर्ज्य करणे किती कठीण जाते, हे पहिल्या आठवड्यात समजले. त्याऐवजी आम्ही सर्वांनी मिळून पडद्याची एक भाषा ठरवली. ‘सगळ्यात वरची पट्टी, उजवा कोपरा, एकाखाली एक तीन ठिपके.’ ‘डावा कोपरा, एकाखाली एक तीन आडव्या रेघा.’ सेटिंगच्या चिन्हाला मुलांनी ‘दातेरी चाक’ म्हटले. शेअरच्या चिन्हाला किनवटच्या एका मुलाने ‘फांदी फुटलेली खूण’ असे नाव दिले, आणि ते इतके चपखल होते की आता प्रत्येक तुकडीत तेच चालते. ‘दाबा’ आणि ‘दाबून धरा’ यांतला फरकही असाच. मजकूर कॉपी करायला बोट दाबून धरावे लागते, हे सांगितल्यावर मुले दाबत आणि लगेच सोडत. ‘मनात एक, दोन म्हणेपर्यंत बोट उचलायचं नाही,’ असे सांगितल्यावर ते जमले. फोन निरनिराळ्या कंपन्यांचे असतात, एकाच्या फोनवर जे वर असते ते दुसऱ्याच्या फोनवर खाली असते. म्हणून आता जागेपेक्षा खुणेचे वर्णन आधी करायचे, अशी सवय मी लावून घेतली आहे.

विद्यार्थ्याचा पडदा सर्वांसमोर येतो तेव्हा त्याचे घरही थोडेसे समोर येते, याचा विचार मी सुरुवातीला केला नव्हता. एका मुलाचा पडदा चालू असताना वर एक संदेश सरकत आला, त्यात बँकेच्या खात्यात शिल्लक किती उरली ते लिहिले होते, आणि ती रक्कम वर्गातल्या सर्वांनी वाचली. तो मुलगा पुढचे दोन तास आला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून क्षमा मागितली, कारण चूक निखालस माझी होती. आता पडदा शेअर करण्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करणे आणि बाकीची ॲप बंद करणे, हा पहिल्या दिवसाचा पहिला धडा असतो. त्याबरोबरच शेअर करणे कधीही थांबवता येते, त्यासाठी मला विचारावे लागत नाही आणि कारणही द्यावे लागत नाही, हे मी दर आठवड्याला नव्याने सांगते.

एकाच फोनवर वर्गही ऐकायचा आणि त्याच फोनवर कामही करायचे, ही अडचण मात्र शिकवणाऱ्या पुष्कळांच्या लक्षात येत नाही. विद्यार्थी झूममधून बाहेर पडून जीमेल उघडतो, त्या क्षणी त्याला वर्ग दिसेनासा होतो; फक्त आवाज येत राहतो. म्हणून मी तासाचे तुकडे पाडते. सहा-सात मिनिटे सर्वांनी एका जणाचा पडदा पाहायचा, मग दहा मिनिटे सर्वांनी आपापल्या फोनवर तेच करायचे, आणि त्या दहा मिनिटांत मी आकाशवाणीवरच्या निवेदिकेसारखी फक्त आवाजाने त्यांच्यासोबत राहते. पाच-पाच सेकंद थांबत, एकेक पायरी सांगत, आणि कोणी अडले की त्याचे नाव घेऊन. या शांततेची मला आधी भीती वाटे. आता त्या शांततेतच सर्वांत जास्त शिकणे होते, असे माझे मत झाले आहे.

केंद्र सरकारने २०१७ साली सहा कोटी ग्रामीण कुटुंबांसाठी प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू केले, त्याचा अभ्यासक्रम वीस तासांचा होता. माझे अठरा वर्ग, प्रत्येकी चाळीस मिनिटांचे, म्हणजे एकूण बारा तास होतात. एवढ्यात काय बसवायचे आणि काय सोडायचे, यावर मी पुष्कळ विचार केला. सादरीकरणे बनवणे सोडले, तक्त्यांचे सॉफ्टवेअर सोडले. फाइल, मराठी टंकलेखन, संकेतस्थळाचा पत्ता आणि स्वतःचे खाते, एवढे राखले.

फाइल शिकवताना मी पत्र्याच्या पेटीपासून सुरुवात करते. आपल्याकडे प्रत्येक घरात एक पेटी किंवा कपाटाचा कप्पा असतो, त्यात एक प्लास्टिकची पिशवी असते, आणि त्या पिशवीत रेशनकार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, गुणपत्रिका असे सगळे जपून ठेवलेले असते. घरातल्या आईला अंधारातसुद्धा ती पिशवी सापडते. फोनमध्ये तशी पिशवी का नाही, असे मी विचारते. मग सर्व जण ‘फाइल्स’ हे ॲप उघडतात, जे फोनमध्ये कायम होते आणि बहुतेकांनी कधीच उघडलेले नव्हते, आणि त्यात ‘माझी कागदपत्रे’ नावाचा फोल्डर तयार करतात. त्यानंतर व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो शोधायचे. त्या फोटोंची नावे पाहून मुले चक्रावतात. आधी इंग्रजीत आयएमजी, मग आठ आकडे, मग डब्ल्यूए आणि पुढे आणखी चार आकडे. त्या आठ आकड्यांत वर्ष, महिना आणि दिवस लपलेला आहे आणि डब्ल्यूए म्हणजे व्हॉट्सॲप, हे त्यांनी स्वतः ओळखले की त्यांच्या आवाजात जो उत्साह येतो, तो ऐकण्यासारखा असतो. मग त्या नावाच्या जागी ‘दहावी गुणपत्रिका’ असे नाव द्यायचे. एका मुलीने त्या आठवड्यात घरातल्या सर्वांची मिळून एकोणतीस कागदपत्रे नाव देऊन लावली आणि मला फोल्डरचे चित्र पाठवले.

केबी आणि एमबी यांची गोष्ट मी आधी गणित म्हणून शिकवत असे आणि ती कोणाच्या डोक्यात शिरत नसे. आता ती अर्जाच्या निमित्ताने शिकवते. बँकभरतीसाठी आयबीपीएसचा अर्ज भरताना छायाचित्र २० ते ५० केबीचे लागते आणि सही १० ते २० केबीची. फोनने काढलेला फोटो सहज तीन एमबीचा, म्हणजे सुमारे तीन हजार केबीचा असतो. पन्नास केबीच्या साठपट. अकोल्याच्या एका मुलाने सहीचा फोटो काढला होता, त्यात सही होती, सहीभोवतीचा पूर्ण कोरा कागद होता, कागदाखालची चादर होती आणि खाटेचा एक पायसुद्धा होता. ‘बँकेला खाट पाहिजे का?’ असे दुसऱ्या मुलीने विचारले आणि सगळे मनापासून हसले, तोही हसला. मग त्याने सर्वांसमोर चारी बाजू आत ओढत नुसत्या सहीपुरता फोटो कापला आणि कापल्यावर आकार किती झाला ते वाचून दाखवले. आधीच्या मानाने तो फारच थोडा होता. कापणे आणि आकार कमी करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि कापणे आधी करायचे, हे मला त्यानंतर कोणालाही दोनदा सांगावे लागले नाही.

मराठी टंकलेखन हा माझा सर्वांत आवडता भाग आहे, हे मी लपवत नाही. ही मुले आपसांत रोमन लिपीत मराठी लिहितात, आणि प्राचार्यांना अर्ज लिहायचा म्हटले की अडखळतात. कळफलक मराठी केला की पहिला घोटाळा पहिल्या वेलांटीचा होतो. वहीत लिहिताना अनेक जण वेलांटी आधी काढतात आणि अक्षर नंतर, म्हणून फोनवरही ती आधी दाबतात. पडद्यावर ठिपक्यांचे एक वर्तुळ उमटते आणि त्याला लटकलेली वेलांटी. ‘मॅडम, हे काय आलं?’ असा प्रश्न प्रत्येक तुकडीत येतोच. तेव्हा मी त्यांना ‘कि’ हे अक्षर हळूहळू, ताणून म्हणायला लावते. आधी काय ऐकू येते? क. मग? इ. यंत्र डोळ्यांनी दिसेल तसे लिहीत नाही, ते उच्चाराच्या क्रमाने लिहिते. म्हणून क आधी आणि वेलांटी नंतर. व्याकरणाच्या तासाला ज्यांना स्वर आणि व्यंजन यांचा कंटाळा येतो, त्यांना तो भेद इथे दोन बोटांत समजतो.

दुसरा घोटाळा ‘दुसऱ्या’ या शब्दाचा. र, मग पाय मोडण्याची खूण, मग य, असे दाबले की ‘दुसर्या’ होते, म्हणजे रफार चढतो, जसा तो ‘सूर्या’त चढतो. मराठीतल्या त्या आडव्या, चंद्रकोरीसारख्या र-साठी खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो. ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, ‘कोपऱ्यात’ असे शब्द मी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा टंकून घेते. छापील फलकांवर, शासकीय पत्रांत आणि वृत्तवाहिन्यांच्या पट्ट्यांवर ‘शेतकर्यांना’ असे वाचून मला यातना होतात, आणि निदान माझ्या वर्गातून बाहेर पडणारी मुले तरी तसे लिहिणार नाहीत, याची मी काळजी घेते. ज्यांना लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या गतीची तयारी करायची असते, त्यांना मात्र फोनवरचे शिक्षण पुरत नाही आणि तसे मी त्यांना स्पष्ट सांगते.

संकेतस्थळाचा पत्ता वाचायला शिकवण्यासाठी मला टपाल खाते उपयोगी पडले. पाकिटावरच्या पत्त्यात नाव वर असते, गाव खाली आणि पिनकोड शेवटी. पण पत्र लावणारा माणूस आधी शेवट पाहतो. पिनकोडचा पहिला आकडा ४ असला की पत्र आपल्या पश्चिमेकडच्या विभागाचे, मग पुढचे आकडे, आणि नाव सर्वांत शेवटी. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने, जे केंद्र सरकारच्या सेवेत अधिकारी होते आणि संस्कृतात काव्य आणि नाटके लिहीत, हे मी आवर्जून सांगते. संकेतस्थळाचा पत्ताही असाच उजवीकडून वाचायचा. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ येते तिथे थांबायचे आणि तिथून मागे यायचे. शिष्यवृत्तीचे अर्ज जिथे भरतात त्या ‘महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ या पत्त्यात ‘इन’ म्हणजे भारत, ‘जीओव्ही’ म्हणजे सरकार, मग महाराष्ट्र, मग महाडीबीटी. देश, सरकार, राज्य, खिडकी. उलट एखाद्या पत्त्याच्या सुरुवातीला ‘महाराष्ट्र’ आणि ‘शिष्यवृत्ती’ हे दोन्ही शब्द इंग्रजीत झोकात लिहिलेले असतील, पण शेवट ‘डॉट कॉम’ किंवा आणखी कशाने होत असेल, तर ती सरकारची जागा आहे असे धरून चालायचे नाही. हे शिकवल्यावर मी त्यांना त्यांच्या गावातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या दोन-दोन लिंका, न उघडता, फक्त वाचून आणायला सांगते. पहिल्याच वेळी सतरा जणांच्या चौतीस लिंकांपैकी सरकारी पत्त्याच्या फक्त पाच निघाल्या.

पैशांच्या व्यवहारांवर मी एकच तास देते, कारण तेथे नियम थोडे आणि ठाम आहेत. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. फसवणूक झाली तर लाज न बाळगता, वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करायचा. हा क्रमांक मी घरातल्या भिंतीवर लिहून ठेवायला सांगते.

माऊस आणि कळफलक यांचे काय, असे मला विचारले जाते. तेथे माझे मत स्पष्ट आहे की ते ऑनलाइन शिकवू नये. डबल क्लिकची लय, माऊस टेबलाच्या कडेशी पोचला की उचलून पुन्हा मध्ये ठेवणे, दोन्ही हात कळांवर बसवणे, या गोष्टी शरीराच्या आहेत आणि त्यांना शेजारी बसलेला माणूस लागतो. संगणकापुढे पहिल्यांदा बसलेला विद्यार्थी पडद्याला बोट लावतो आणि काही होत नाही म्हणून गोंधळतो. त्या वेळी जवळच्या माणसाने दिलेला धीर झूमवरून देता येत नाही. शक्य होईल तेथे मी तालुक्याच्या महाविद्यालयातल्या शिक्षकांना विनंती करून दोन रविवार संगणककक्ष उघडून घेते. बाकी सर्व काही आवाजाने होते, एवढे मात्र होत नाही.

राहिले खाते. सर्वांत अवघड भाग हाच आहे आणि त्याचे कारण तांत्रिक नाही. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाला स्वतःचा ईमेल विचारते. बहुतेकांचा असतो, पण पासवर्ड माहीत नसतो. अर्ज भरून देणाऱ्या दुकानात कोणीतरी तो ईमेल बनवून दिलेला असतो, पासवर्ड त्या दुकानातल्या वहीत लिहिलेला असतो, आणि शिष्यवृत्तीच्या खात्याचेही तसेच. विद्यार्थ्याच्या नावाचे खाते, पण किल्ली दुसऱ्याकडे. हे दुकानदार लबाड असतात असे मी मुळीच म्हणत नाही, गावात तेच एक आधार असतात. पण दुकान बंद पडले, वही हरवली, की मुलाचे वर्ष जाते, आणि असे गेलेले मी पाहिले आहे. म्हणून स्वतःचा पासवर्ड स्वतः बदलणे, तो स्वतःच्या वहीत लिहून पेटीत ठेवणे, याला मी दोन पूर्ण तास देते. पासवर्ड कागदावर लिहू नये असे शहरातल्या तज्ज्ञांचे सांगणे असते. ज्या घरात फोन चार जण वापरतात, त्या घरात पत्र्याची पेटी फोनपेक्षा सुरक्षित असते, असे मला वाटते.

केजजवळच्या गावातली एक विद्यार्थिनी गेल्या तुकडीत होती, बी. ए.च्या पहिल्या वर्षाची. तिचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोल्हापूरकडे जातात ते उन्हाळ्यातच परततात, आणि ती आजीजवळ राहते. तिच्या आधारला आणि शिष्यवृत्तीच्या खात्याला वडिलांचा क्रमांक जोडलेला होता. प्रत्येक वेळी ती अर्ज उघडे तेव्हा ओटीपी उसाच्या फडातल्या फोनवर जाई. वडील कोयता बाजूला ठेवून फोन काढत, आकडे वाचून दाखवत, आणि तेवढ्यात मुदत संपलेली असे. मी वर्गात सांगत होते की ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नाही, आणि तिचा प्रत्येक अर्ज तो नियम मोडूनच पुढे सरकत होता. तिने हे मला चौथ्या आठवड्यात सांगितले, तेही वर्ग संपल्यावर, एकटीने थांबून.

तिने स्वतःच्या नावावर सिमकार्ड घेतले. आजीला सोबत घेऊन ती तालुक्याच्या आधार केंद्रावर गेली, बोटांचे ठसे देऊन आधारला नवा क्रमांक जोडून आली, आणि काही दिवसांनी तो लागू झाल्याचा संदेश आला. शेवटच्या आठवड्यात पडदा शेअर करण्याची पाळी तिची होती. तिने पत्ता उजवीकडून वाचून दाखवला, संकेतस्थळ उघडले, स्वतःचे नाव टंकले, आणि ओटीपी मागवण्याच्या बटणावर येऊन थांबली. मी काही बोलणार होते, तोच पडदा नाहीसा झाला. तिने शेअर करणे थांबवले होते. आम्ही सतरा जण तिच्या नावाच्या काळ्या चौकोनाकडे पाहत राहिलो. तिच्या बाजूने फक्त कुठेतरी मोटार चालू असल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, ‘आत गेले, मॅडम. आता परत दाखवू का?’